बॉयलरचा काटा आणि वेधशाळेचा पारा

केंदूरच्या पठारावर भाजीपाल्याने भरलेली पिकअप रात्री निघते, शिक्रापूर-पुणे करत बोरघाट उतरते आणि पहाटे वाशीच्या बाजार समितीत लागते. या एका फेरीत गाडी साडेपाचशे मीटरांहून जास्त खाली येते आणि टर्बोच्या तोंडाशी असलेल्या हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो. मालकाने हौसेने डॅशबोर्डावर यांत्रिक बूस्ट गेज बसवले असेल, तर इंजिन बंद असताना त्याचा काटा केंदूरला शून्यावर असतो, खंडाळ्याला शून्यावर असतो आणि वाशीतही शून्यावरच असतो. त्याच इंजिनातला इलेक्ट्रॉनिक सेन्सर मात्र केंदूरला ९४-९५ किलोपास्कल सांगतो आणि वाशीत १०१. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. गॅरेजमध्ये ‘काटा खरा की डिजिटल खरे’ हा वाद रंगतो तेव्हा हा साधा फरक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते हा वाद मुळात यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यातला नाहीच. दाब कुठून मोजायला सुरुवात करायची, याबद्दलच्या दोन जुन्या परंपरा आहेत. एक बॉयलरवाल्यांची, दुसरी हवामानवाल्यांची. दोन्ही पुणे जिल्ह्यात शंभरेक वर्षे शेजारी शेजारी नांदल्या, पण एकमेकींच्या वाटेला गेल्या नाहीत. टर्बोच्या गाडीत त्यांची पहिल्यांदा गाठ पडली आणि अचूकतेचा घोळ तिथे सुरू झाला.

बॉयलरवाल्यांची परंपरा दौंडला सहज दिसते. रेल्वे १८५८ मध्ये पुण्याला पोहोचली, पुढे सोलापूरच्या दिशेने गेली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड जंक्शन झाले. वाफेच्या प्रत्येक इंजिनात ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर एक गोल तबकडी असे. तिच्या आत पितळेची चपटी, वाकवलेली नळी. ही युक्ती पॅरिसच्या युजेन बूर्दों यांची, १८४९ सालची. नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढला की नळी सरळ होऊ पाहते, तिच्या टोकाला जोडलेली दातेरी पट्टी सरकते आणि काटा फिरतो. इथला कळीचा भाग ‘बाहेरच्या हवेपेक्षा’ हा आहे. बूर्दों नळीला निव्वळ दाब कळत नाही, कळतो तो आतला आणि बाहेरचा फरक. बॉयलरला तेवढेच हवे असते, कारण बॉयलर फुटतो तो या फरकामुळेच. शिवाय बाहेरची हवा थोडी पातळ आहे की दाट, याने बॉयलरला काडीचाही फरक पडत नव्हता. भारतीय रेल्वेचे डब्ल्यूजी जातीचे मालगाडीचे इंजिन चौरस इंचाला २१० पौंड दाबावर चाले. मुंबई आणि दौंड यांच्या हवेतला फरक एक पौंडाच्या आतबाहेर. दोनशे दहात एक पौंड म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. तेवढी जाडी तर काट्याच्या टोकालाच असते.

कारखान्यांच्या बॉयलरसाठी पुढे कायदाच झाला, १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा. १९५० च्या बॉयलर नियमावलीनुसार प्रत्येक बॉयलरवर दाबमापक तर हवेच, शिवाय निरीक्षकाला आपले तपासणीचे गेज जोडता येईल अशी वेगळी सोयही हवी. पाटसचा भीमा साखर कारखाना असो की न्हावऱ्याचा घोडगंगा, या भागातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर याच नियमांखाली आले. ही वेगळी जोडणी म्हणजे केवळ कागदोपत्री बाब नव्हे. नियम लिहिणाऱ्यांनी धरूनच चालले होते की गेज कधी ना कधी चुकणार. नळी शिणते, दाते झिजतात, काटा धुरीवर किंचित सरकतो. म्हणून गेज चुकीचे ठरण्याआधीच त्याला दुसऱ्या गेजशी ताडून पाहण्याची जागा बॉयलरच्या अंगावर ठेवून दिली. पुढच्या चर्चेत ही गोष्ट लागणार आहे.

दुसरी परंपरा पुण्याच्या शिवाजीनगरात आहे. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये सुरू झाले. त्याचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये पुण्यात आले. दगडी मनोऱ्याच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला हलले, पण उपकरणांचे मोठे काम पुण्यातच राहिले. हवामानवाल्यांना बाहेरच्या हवेशी फरक मोजून काहीच उपयोग नाही, कारण बाहेरची हवा हाच त्यांचा विषय. त्यांना शून्य म्हणून निर्वात पोकळी लागते. टोरिचेल्लीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीच्या वरच्या टोकाला ती मिळवली. नंतर १८४४ मध्ये फ्रान्सच्या ल्युसियाँ विदी यांनी पाऱ्याशिवायचा बॅरोमीटर केला. हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची डबी, दाबाप्रमाणे फुगणारी आणि चेपणारी. गंमत अशी की विदी यांनी बूर्दों यांच्यावर आपली कल्पना उचलल्याचा दावा लावला आणि तो वर्षानुवर्षे चालला. म्हणजे आज बूस्ट गेजच्या निमित्ताने जे भांडण होते, त्याची दोन्ही घराणी एकदा कोर्टाची पायरीही चढून आलेली आहेत.

हवामान खात्याने पाऱ्याच्या आकड्यावर कधीच डोळे झाकून भरवसा ठेवला नाही. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या ठरल्या वेळी निरीक्षक पाऱ्याची उंची वाचे, तिच्यात उपकरणाची स्वतःची चूक धरून दुरुस्ती करी, मग तापमानाची, मग त्या जागेच्या गुरुत्वाकर्षणाची. एवढे झाल्यावर जो आकडा येई तो त्या ठाण्याचा खरा दाब. समुद्रसपाटीपासून ५५९ मीटर उंचीवरच्या पुण्यात तो साधारण ९५० हेक्टोपास्कल. शेवटी नकाशासाठी तो हिशेबाने समुद्रसपाटीवर आणला जाई. तसे केले नाही तर पुण्यावर कायमच वादळ घोंघावतेय असे नकाशात दिसले असते. अलीकडे २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची उपकरणे जगभर मागे पडत गेली आणि त्यांच्या जागी डिजिटल बॅरोमीटर आले, पण या दुरुस्त्यांमागचा संशयी स्वभाव तसाच राहिला.

यांत्रिक मापक बाहेरच्या हवेपासून मोजते आणि इलेक्ट्रॉनिक पोकळीपासून, अशी सरळ वाटणी कुणी करू पाहील तर तिला छेद देणारा पुरावा केंदूरपासून फार लांब नाही. लोहगावचा विमानतळ १९३९ चा, लष्करी. त्या काळच्या ब्रिटिश लढाऊ विमानांत सुपरचार्जरच्या इंजिनाला बूस्ट गेज असे. ते पूर्णपणे यांत्रिक होते, पण त्याच्या पोटात विदीची निर्वात डबी होती. त्याचे शून्य बाहेरच्या हवेवर नसून समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबावर, म्हणजे १४.७ पौंडांवर, कायमचे ठोकलेले असे. साहजिकच लोहगावच्या धावपट्टीवर इंजिन बंद असताना असे गेज उणे एक पौंडाच्या आसपास दाखवणार, आणि वैमानिकाला त्यात वावगे काही वाटणार नाही. अमेरिकनांनी तर ती लपवाछपवीही ठेवली नाही. त्यांच्या तबकडीवर पाऱ्याचे इंच सरळ पोकळीपासून मोजलेले असत, तिथे लोहगावला २८ च्या आसपास वाचायचे. विमानवाल्यांनी बूर्दोंची नळी का नाकारली, याचे उत्तर उघड आहे. वीस हजार फुटांवर बाहेरची हवा निम्म्यावर येते. अशा हवेला शून्य मानले तर इंजिनात नेमकी किती हवा गेली हे वैमानिकाला कधीच कळणार नाही.

मोटारीने हा धडा उशिरा घेतला. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने टर्बोचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते, पण रस्त्यावरच्या मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेत, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेवर्ले कॉर्व्हेअर यांच्यात. हौशी मंडळींनी पुढे डॅशबोर्डावर जी गेजे लावली ती बहुतेक बॉयलरच्या घराण्यातली. स्वस्त, वीज नको, इनटेकपासून एक बारीक नळी ओढली की काम झाले. इंजिनाच्या आत मात्र हवामानवाल्यांचे घराणे शिरत होते. बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० साठी इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शनची पहिली यशस्वी यंत्रणा आणली. तिचा दाबाचा सेन्सर म्हणजे निर्वात डब्यांचा छोटा बॅरोमीटरच होता, फक्त डबी हलली की काट्याऐवजी विजेचा संकेत बदलायचा. सिलिकॉनवर ताण आला की त्याचा विद्युतरोध बदलतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या चार्ल्स स्मिथने १९५४ मध्येच दाखवले होते. आजच्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा नखाहून लहान पडदा असतो आणि पडद्यामागे सीलबंद पोकळी. टोरिचेल्लीच्या पाऱ्यावरची पोकळीच ती, चिपवर आलेली.

शिरूर तालुक्यात हा बदल कारखान्याच्या रूपाने आला. रांजणगावच्या फियाट कारखान्यात १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होऊ लागले आणि २००८ च्या इंडिका व्हिस्टातही ते गेले. त्याच कारखान्यातून २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची पेट्रोल टर्बो अबार्थ पुंतो निघाली. डिझेल गाडीतला टर्बो ही तोवर नवलाई राहिली नव्हती, पिंपरीची सफारी १९९८ पासून रस्त्यावर होती. नवे होते ते एवढेच की टर्बोचा दाब आता स्प्रिंगच्या भरवशावर न राहता संगणक ठरवू लागला. उत्सर्जनाच्या भारत स्टेज ४ नियमांनी २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत गाडीला स्वतःचे निदान करणारी यंत्रणा बंधनकारक केली आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावणे हे गॅरेजचे रोजचे काम झाले.

आता अचूकतेचा हिशेब मांडू. दाबमापकाचा वर्ग त्याच्या पूर्ण पट्ट्याच्या टक्क्यांत सांगतात. उणे एक ते अधिक दोन बार अशा तीन बारच्या गेजचा वर्ग २.५ असेल, तर तबकडीवर कुठेही ०.०७५ बार इकडेतिकडे होणे त्याला माफ असते. हा वर्ग वीस अंश सेल्सियसच्या आसपास धरलेला असतो. नळीचा धातू तापला की मऊ पडतो आणि दर दहा अंशांना सुमारे ०.४ टक्क्याची चूक वाढते. एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड साठ अंशांवर जातो, तिथे आणखी ०.०५ बार गेला. हे झाले नीट बनवलेल्या गेजचे. बाजारातल्या कित्येक स्वस्त गेजांवर तर वर्ग छापलेलाच नसतो. सिलिकॉनच्या सेन्सरची चूक पट्ट्याच्या एक ते दीड टक्क्यात बसते, म्हणजे तीन बारच्या सेन्सरला ०.०३ ते ०.०४५ बार, आणि बोनेटखालच्या उष्णतेचा हिशेब तिच्यात आधीच धरलेला असतो. इथपर्यंत इलेक्ट्रॉनिक सरळ जिंकते.

पण या आकड्यांशेजारी केंदूर आणि वाशी यांच्यातला ०.०६ बारचा फरक ठेवून पाहा. तो यांत्रिक गेजच्या माफ चुकीएवढा आहे आणि सेन्सरच्या चुकीहून मोठा. म्हणजे शून्य कुठले हे ठरवल्याशिवाय सेन्सरची कमावलेली अचूकता हातात येतच नाही. समजा, इंजिनाच्या संगणकाने इनटेकमध्ये पोकळीपासून मोजून २.२ बार दाब ठेवायचे ठरवले. वाशीत यांत्रिक गेज १.१९ दाखवेल, पुण्यात १.२५ आणि महाबळेश्वरच्या पठारावर, जिथे हवेचा दाब ०.८७ बारच्या घरात असतो, तिथे १.३३. गेज बरोबर आहे, सेन्सर बरोबर आहे आणि गाडीही ठणठणीत आहे, तरी घाट चढून आल्यावर ‘टर्बो जास्त उचलतोय’ अशी तक्रार घेऊन गाडी मिस्त्रीकडे येऊ शकते. इंजिनात गेलेली हवा तेवढीच आहे, पण टर्बोला ती पातळ हवेतून गोळा करावी लागली. बाहेरच्या दाबाच्या २.१७ पटींऐवजी २.५३ पट दाबावे लागले, त्याचे पाते जास्त वेगाने फिरले. म्हणूनच उंचीवर बरेच संगणक हे लक्ष्य आपणहून खाली आणतात, आणि मग तक्रार उलटी येते, गाडी पिकअप घेत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की गाडीवानाला एवढ्या बारकाव्याशी काय घेणेदेणे? त्याला काटा रोजच्या जागी जातो की नाही एवढे कळले म्हणजे पुरे. आक्षेप वजनदार आहे आणि एका बाबतीत तर मला तो पूर्ण मान्य आहे. टर्बोची रबरी नळी फुटते किंवा क्लॅम्पमधून निसटते ती आतल्या-बाहेरच्या फरकामुळे, बॉयलरसारखीच. तिच्या राखणीला बूर्दोंचे गेज हेच योग्य मापक आहे, पोकळीपासूनचा आकडा तिथे उगाच हिशेब करायला लावतो. पण आजच्या डिझेल इंजिनात इंधन किती सोडायचे, धूर किती होऊ द्यायचा हे आत गेलेल्या हवेच्या वस्तुमानावर ठरते, आणि वस्तुमान पोकळीपासूनच्या दाबावर. काटा रोजच्या जागी आहे आणि तरी गाडी काळा धूर ओकते आहे, ही अवस्था त्यामुळेच शक्य होते.

दुसरा आक्षेप यांत्रिक गेजच्या तत्परतेचा. नळीतून दाब थेट काट्यापर्यंत येतो, मध्ये ना तार ना संगणक, म्हणून तो खरा, असे म्हणतात. प्रत्यक्षात इंजिनातल्या दाबाचे ठोके काट्याला बडवू नयेत म्हणून त्या नळीत मुद्दाम बारीक भोक असलेली अडचण घालतात. दीड-दोन मीटर लांब बारीक नळी, तिच्यात साचणारी तेलाची वाफ आणि एखादा सैल सांधा. इतक्या वाटेने आलेला दाब ‘थेट’ म्हणणे कठीण आहे. शिवाय काटा दिसला म्हणजे गेज यांत्रिक, असेही आता राहिलेले नाही. कित्येक गेजांत काट्यामागे छोटी मोटर असते आणि ती सेन्सरच्या सांगण्यावरून फिरते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, कारण तो इलेक्ट्रॉनिकच्या वर्मावर बोट ठेवतो. पोकळीपासून मोजणारे मापक बूस्ट दाखवणार म्हणजे बाहेरचा दाब कुठून तरी आणून वजा करणार. तो आणायचा कुठून? काही गेजे किल्ली फिरवताच त्या क्षणीचा दाब शून्य म्हणून लक्षात ठेवतात. अशी गाडी केंदूरला सुरू करून न थांबता बोरघाट उतरली, तर वाशीत ती अजूनही केंदूरचेच शून्य धरून बसलेली असते आणि ०.०६ बार जास्त दाखवते. सॉकेटमधून आकडे वाचून मोबाइलवर बूस्ट दाखवणारी सोय असेल आणि गाडीकडून बाहेरचा दाब मिळत नसेल, तर समुद्रसपाटीचा ठरावीक दाब वजा होतो आणि पठारावर इंजिन बंद असतानाही बूस्ट उणे दिसतो. त्यातून त्या सॉकेटमधला इनटेक दाबाचा जुना प्रमाण आकडा एकाच बाइटचा, एकेक किलोपास्कलच्या पायरीने २५५ पर्यंत जाणारा. पुण्याच्या हवेत १.६ बारच्या वर बूस्ट गेला की तो आकडा तिथेच अडतो. पितळेच्या साध्या नळीला यांतली एकही भूल पडत नाही. तिचे शून्य हवेबरोबर आपोआप सरकते. अर्थात हे सारे दोष वजाबाकीचे आहेत, मोजणीचे नाहीत. सेन्सरने आपला आकडा नीट सांगितलेला असतो, चूक होते ती त्याला बॉयलरच्या भाषेत बोलायला लावताना.

म्हणून बॉयलरवरच्या त्या जास्तीच्या जोडणीकडे परत यावे लागते. यांत्रिक गेजचा संशय आला तर फिटर टी-जोड लावून दुसरे गेज शेजारी बसवतो, पाच मिनिटांत निकाल. सेन्सरबाबत असे काही करता येत नाही, तो खराब की चांगला हे स्कॅनरच सांगणार, असा समज पसरला आहे आणि त्या समजापायी चांगले सेन्सर बदलले जातात. खरे तर सेन्सर बॅरोमीटरच्या घराण्यातला असल्यामुळे त्याची पहिली तपासणी फुकट आहे. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू करायची. इनटेकमध्ये तेव्हा बाहेरचीच हवा असते, आणि तिचा दाब ठरलेला आहे. पुण्याच्या हवेत दिवसातून दोनदा होणारी चढउतार तीन-चार हेक्टोपास्कलची, हिवाळा-पावसाळ्यातला फरक त्याहून जास्त. त्यामुळे केंदूर-पाबळच्या पठारावर ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास एखाददुसऱ्याचा फरक सोडला तर दुसरे काही दिसायला नको. ही परीक्षा एकाच बिंदूवरची आहे, दोन बारवर सेन्सर काय करतो हे ती सांगत नाही, त्यासाठी हातपंप आणि खात्रीचे गेज लागतेच. पण यांत्रिक गेजचा काटा शून्यावर आहे एवढे पाहण्यापेक्षा ती पुष्कळ जास्त सांगते, कारण तिथे नुसती जागा दिसते आणि इथे खरे मोजमाप होते.

ही तपासणी करताना शिमला ऑफिसची जुनी शिस्त मात्र ध्यानात ठेवावी लागते. हवामानाच्या बातमीत आणि मोबाइलवर दाबाचा जो आकडा येतो, तो बहुधा समुद्रसपाटीवर आणलेला असतो. केंदूरच्या गॅरेजात सेन्सर ९४ किलोपास्कल दाखवतो आहे आणि मोबाइल १०१० हेक्टोपास्कल, म्हणजे १०१ किलोपास्कल, म्हणतो आहे, तर सेन्सर बदलायची घाई करू नये. पठारावर उभ्या गाडीचा सेन्सर १०१ दाखवू लागला, तर मात्र आधी त्याची वायर आणि कनेक्टर सोडून पाहावा.